तक्रारदारच आरोपी : महाराष्ट्रातील जागल्ये आणि सरकारी सूड

सरकारी गैरव्यवहार उघड करणाऱ्यावर, म्हणजे जागल्यावर, सरकार जी कारवाई करते, तिची कागदोपत्री नोंद सूड म्हणून कधीच होत नाही. ती ‘प्रशासकीय निकडीतून’ झालेली बदली असते, वर्तणूक नियमांचा भंग असतो, बदनामीचा खटला असतो किंवा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न असतो. त्यामुळे या विषयाचा अभ्यास आदेशातील कारणांवरून करता येत नाही. तक्रार कधी झाली, आदेश कधी निघाला आणि तक्रारीची चौकशी कोणाकडे गेली, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र दिसू लागते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच किंवा त्याच्या वरिष्ठांच्या हाती तक्रारदाराची नोकरी असते आणि चौकशीचे वेळापत्रकही असते. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत राज्यकर्ते बदलले, कायदे बदलले. ही रचना मात्र फारशी बदललेली नाही.

हे दडपण दोन गटांवर येते. पहिला गट यंत्रणेच्या आतला : अभियंते, महसूल व वन अधिकारी, पोलीस, कारकून. दुसरा बाहेरचा : पत्रकार, माहिती अधिकार कार्यकर्ते, आंदोलक शेतकरी, लेखक. आतल्याला सेवानियम लागतात, बाहेरच्याला फौजदारी कायदा. दोघांचे दुखणे मात्र एकच आहे.

महाराष्ट्रातले या विषयाचे सर्वांत जुने सविस्तर प्रकरण १८८८ सालचे. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाने ओळखले जाते तो आर्थर क्रॉफर्ड त्या वेळी पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर होता. बदली, बढती हवी असेल तर मामलेदारांनी त्याचा हस्तक हणमंतराव याच्यामार्फत पैसे पोचवायचे, असा बोभाटा होता. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या सरकारने चौकशी हाती घेतली तेव्हा अडचण उभी राहिली : ज्यांनी पैसे दिले तेच साक्षीदार, आणि लाच देणे हाही गुन्हाच. तेव्हा सरकारने मामलेदारांना अभय दिले. खरे सांगा, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. त्या भरवशावर अनेकांनी कबुली दिली. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध झाले नसल्याचा निष्कर्ष काढला. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्डला नोकरीतून दूर करण्यात आले. त्यानंतर लंडनमध्ये ओरड सुरू झाली, ती साहेबाविरुद्ध नव्हे. लाच दिल्याचे स्वतः कबूल करणारे मामलेदार न्यायासनावर बसतातच कसे, अशी. दिलेला शब्द बाजूला पडला आणि त्यांतल्या काहींना नोकरी गमवावी लागली. टिळकांनी या मामलेदारांची बाजू घेऊन पुण्यात सभा घेतली, इंग्लंडमध्ये विल्यम डिग्बी यांच्यामार्फत खटपट केली. १८८९ मध्ये मामलेदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा सरकारला करावा लागला.

हे प्रकरण एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. साक्षीदाराला अभय, चौकशी आयोग, मुख्य आरोपीवरील आरोप असिद्ध आणि साक्षीदारावर कारवाई, हा क्रम पुढे अनेकदा दिसतो. आणि ज्या गैरव्यवहारातून तो सुरू झाला, तो बदल्यांचाच होता.

वऱ्हाड-नागपूर भागात पुढच्या काळात दडपण आले ते मुख्यतः वृत्तपत्रांवर. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या धरपकडीच्या लाटेत यवतमाळचे ‘हरिकिशोर’ आणि नागपूरचे ‘देशसेवक’ ही पत्रेही सापडली. १९१० च्या प्रेस ॲक्टने छापखान्याकडून अनामत रक्कम घेण्याची सोय केली. मजकूर आवडला नाही की अनामत जप्त. खटला चालवण्याची गरज नाही, पुराव्याची गरज नाही. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर त्याच वर्षी बंदी आली.

वऱ्हाड-नागपूर भागातील सर्वांत गंभीर दडपशाही १९४२ ची. त्या वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाले. दोन्हीकडे पोलीस गोळीबारात माणसे मेली, जमावाच्या हातून अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्यानंतर चिमुरात पोलीस आणि लष्कर शिरले आणि गावातील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नागपूरच्या स्त्रियांनी तिथे जाऊन पीडितांचे म्हणणे ऐकले, डॉ. बा. शि. मुंजे यांनीही पाहणी केली. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने चौकशी नाकारली. सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीला लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्याकडे गेले. अणे मूळचे वणीचे, यवतमाळला वकिली केलेले, त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. भणसाळींनी ११ नोव्हेंबर १९४२ रोजी उपोषण सुरू केले. सरकारने त्यांना सेवाग्रामला परत आणले. ते चिमुराकडे चालत निघाले, त्यांना पुन्हा आणले. त्यानंतर सरकारने सर्वांत सोपा उपाय केला : या उपोषणाच्या आणि चिमूरच्या बातम्या छापण्यास मनाई. त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढले नाहीत. डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीनंतर १२ जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, उपोषण सुटले आणि बातम्यांवरील बंदी उठली. स्त्रियांच्या तक्रारींना न्याय मिळाला असे मात्र म्हणता येत नाही.

आष्टी-आर्वीचा हा भाग अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपुरापासून दूर नाही. वर्धा नदीच्या एका काठावर कौंडण्यपूर, पलीकडे आर्वी तालुका. कौंडण्यपूर ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर भजने म्हणत गावोगाव हिंडत. चिमूर-आष्टीच्या उठावाला त्यांच्या भजनांनी चिथावणी मिळाली असे सरकारचे मत होते. ऑगस्टअखेरीस त्यांना अटक झाली आणि डिसेंबरपर्यंत नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, पक्ष नव्हता. गावातला माणूस त्यांचे ऐकतो, एवढे सरकारला पुरले.

स्वातंत्र्यानंतरच्या दडपशाहीचा सर्वांत उघड काळ आणीबाणीचा. तो सर्वपरिचित असल्याने येथे दोनच गोष्टी नोंदवणे पुरे. डिसेंबर १९७५ मधील कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी आणीबाणीविरुद्ध भूमिका घेतली आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. दुसरी गोष्ट न्यायालयातली. स्थानबद्धांना न्यायालयाचे दार ठोठावता येते की नाही या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी सरकारच्या बाजूने निकाल दिला. पाच न्यायमूर्तींपैकी हंसराज खन्ना यांनी एकट्यांनी भिन्न मत नोंदवले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. बढती रोखणे ही शिक्षा कनिष्ठ लिपिकापुरती नाही, हे त्यातून दिसले.

आणीबाणी उठली, पण कार्यालयातील सूड तिच्यावर अवलंबून नव्हता. १९८२ मध्ये अरुण भाटिया धुळ्याचे जिल्हाधिकारी होते. रोजगार हमी योजनेच्या कामांवर त्यांनी स्वतः जाऊन हजेरीपट तपासले. कामावर नसलेल्या मजुरांची नावे, एकाच हाताने उठवलेले अंगठे, कागदावरच पूर्ण झालेले रस्ते असा तो प्रकार होता. गुन्हे नोंदवायला सुरुवात केल्यावर वर्षही पुरे होण्याआधी त्यांची बदली झाली. त्यांच्या कारकिर्दीत अशा बदल्या पुढेही होत राहिल्या. १९९४ मध्ये मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी मुख्यमंत्री शरद पवार यांच्यावर जाहीर आरोप केले आणि ते निलंबित झाले. खैरनारांच्या बाबतीत दुसरी बाजूही नोंदवायला हवी : गाडीभर पुरावे असल्याचे त्यांनी सांगितले, पण ते पुरावे लोकांपुढे आले नाहीत. पुराव्याच्या पुढे धावलेला आरोप नंतर येणाऱ्या प्रत्येक तक्रारदाराचे काम अवघड करतो. तरीही आरोपाची चौकशी आणि आरोप करणाऱ्याची शिस्त हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि महाराष्ट्रात दुसरा नेहमी आधी निकाली निघतो. १९९८ मध्ये अण्णा हजारे यांना तत्कालीन मंत्री बबनराव घोलप यांच्या बदनामीच्या खटल्यात तीन महिन्यांची शिक्षा झाली व ते येरवड्यात गेले. फौजदारी बदनामीचे कलम घटनाबाह्य ठरवावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली.

वऱ्हाडाच्या दृष्टीने मात्र या विषयाचा गाभा सिंचनात आहे. अमरावती विभागाचा सिंचन अनुशेष हा गेल्या चार दशकांचा प्रश्न. १९८४ च्या दांडेकर समितीने तो मोजून दाखवला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. पैसा आला, पण पाणी शेतापर्यंत आले नाही. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा होता : सिंचनाखालील क्षेत्राचे एकूण पिकाखालील क्षेत्राशी प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के. या दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते. पुढे काढलेल्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने मोजणीच्या पद्धतीवर बोट ठेवून हा आकडा अमान्य केला.

पैसा कुठे वाढतो हे समजण्यासाठी सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, पाहावी लागते. प्रकल्पाची मूळ किंमत मंजूर होते. पुढे दरसूची बदलते, भूसंपादन महागते, संकल्पचित्रात फेरफार होतो, कामाची व्याप्ती वाढते, आणि नवी किंमत मंजुरीस जाते. यात गैर काही नाही. ही नित्याची पद्धत आहे. प्रश्न गतीचा आणि मार्गाचा असतो. २००९ मध्ये काही महिन्यांच्या अवधीत विदर्भातील ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. कौंडण्यपूरच्याच वर्धा नदीवर आर्वी तालुक्यात धनोडी येथे असलेला निम्न वर्धा प्रकल्प ९५० कोटींवरून २,३५६ कोटींवर पोचला. मूळ मान्यतेच्या वेळी, १९८१ मध्ये, तो ४८ कोटींचा होता. यवतमाळ जिल्ह्यातील बेंबळा प्रकल्पाची नवी किंमत २,१७६ कोटी. या फायली महामंडळाच्या नियामक मंडळाला वळसा घालून थेट मंत्र्यांकडे गेल्या, असा आक्षेप नंतरच्या जनहित याचिकांत घेण्यात आला. वडनेरे आणि मेंढेगिरी समित्यांनी खात्याच्या आत राहूनच अनियमितता दाखवल्या होत्या. ते अहवाल बराच काळ दप्तरातच राहिले.

२०१२ च्या पूर्वार्धात मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली. ते नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत होते आणि राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे सदस्य होते, म्हणजे प्रकल्पांची कागदपत्रे त्यांच्या टेबलावरून जात. वाढवलेल्या किमती, निकृष्ट कामे, व्यवहार्य नसलेल्या उपसा सिंचन योजना यांवर त्यांनी अभियंत्याच्या भाषेत लिहिले. पत्रे वृत्तपत्रांत आली. २५ सप्टेंबर २०१२ रोजी माजी जलसंपदामंत्री व तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरमध्ये पवार पदावर परतले. पांढरे यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांना बडतर्फ केले नाही, तुरुंगात टाकले नाही. त्यांच्याच पेशातील लोकांनी त्यांच्यावर टीका केली, त्यांच्या हेतूंवर आणि मनःस्थितीवर चर्चा झाली, आणि ज्या विषयात त्यांचे आयुष्य गेले होते त्या विषयावर खात्यातून काही करण्याची जागा त्यांना उरली नाही. सूडाचा हा प्रकार कुठल्याही कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

चौकशीचे पुढे काय झाले? जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाने २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात प्रक्रियेतील गंभीर दोष दाखवले गेले, जबाबदारी बव्हंशी अधिकाऱ्यांच्या पदरात पडली. डिसेंबर २०१४ मध्ये नव्या सरकारने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे चौकशी सोपवली. नागपूर खंडपीठापुढे ‘जनमंच’ या संस्थेने आणि इतरांनी केलेल्या याचिका चालू होत्या. त्यांत अमरावती विभागातील निम्न पेढी, रायगड नदी, वाघाडी आणि बुलढाण्यातील जिगाव या कामांचाही प्रश्न होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये विभागाने शपथपत्रात तत्कालीन मंत्री पवार यांच्या जबाबदारीकडे निर्देश केला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने दुसऱ्या शपथपत्रात त्यांच्यावर फौजदारी उत्तरदायित्व येत नाही असे म्हटले. दरम्यान राज्यात काही दिवसांत दोन सरकारे बदलली होती. पवारांनी आरोप सतत नाकारले आणि त्यांत त्यांना शिक्षा झाली नाही. येथे कोण दोषी हा मुद्दा नाही. सुमारे वर्षभराच्या अंतराने एकाच तपास यंत्रणेची दोन परस्परविरोधी मते न्यायालयाच्या नोंदीत येतात, तेव्हा पुढचा पांढरे पत्र लिहिण्यापूर्वी काय विचार करील, हा मुद्दा आहे.

तो विचार कशाचा असतो, हे सेवानियमांतून कळते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार कर्मचाऱ्याने शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही आणि परवानगीशिवाय कागद बाहेर द्यायचा नाही. तक्रारीसोबत पुरावा जोडला की हा दुसरा नियम मोडतो. मग कारणे दाखवा नोटीस येते, तिच्यामागून निलंबन. निलंबनकाळात पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. त्यानंतर तो निम्म्याने वाढू शकतो आणि विलंबाला कर्मचारी जबाबदार ठरला तर निम्म्याने घटूही शकतो. आदेशात मुख्यालय ठरवून दिलेले असते. अमरावतीत घर, मुले शाळेत आणि मुख्यालय धारणी, असे होऊ शकते. परवानगीवाचून ते सोडता येत नाही. दोषारोपपत्र तीन महिन्यांत दिले नाही तर निलंबन पुढे ताणू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितले. दोषारोपपत्र दिले की ती मर्यादा ओलांडता येते, म्हणून ते कसेबसे दिले जाते. विभागीय चौकशी चालू असेपर्यंत बढतीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात राहतो. निवृत्तीपर्यंत ती संपली नाही तर तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, उपदान थांबते. शेवटी निर्दोष ठरलेल्या माणसाचीही दहा वर्षे अशी जातात. ही वर्षे हीच शिक्षा असते. निकालाची वाट पाहायची गरज राहत नाही.

बदलीचा मार्ग याहून सोपा. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कालावधी ठरवला आणि मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारण मागितले. लेखी कारण ‘प्रशासकीय निकड’ एवढेच असले तरी चालते, अशी वहिवाट पडली. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि अनेकांना ती मिळतेही, पण तोवर खुर्चीवर दुसरा बसलेला असतो आणि फाईल पुढे सरकलेली असते.

वऱ्हाडाला या व्यवस्थेचा आणखी एक फटका बसतो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मंत्रालयाच्या नजरेत मेळघाट, गडचिरोली, यवतमाळ या शिक्षेच्या जागा आहेत. पुण्या-मुंबईत कोणाची वाट अडवली की त्याला ‘विदर्भात टाकतात’. असा अधिकारी दुखावलेला येतो, परत जाण्याच्या खटपटीत असतो, काही जण रुजूच होत नाहीत. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांनी कोणाविरुद्ध तक्रार केलेली नसते, तरी त्यांच्या वाट्याला रिकामी पदे येतात. एखाद्या भूभागाला शिक्षा म्हणून वापरणे हा त्या भूभागाचा अपमान आहे, आणि तो शासकीय आदेशांतून वर्षानुवर्षे होत आला आहे.

मेळघाटातलेच एक प्रकरण यंत्रणेच्या आतील तक्रारीचे काय होते ते दाखवते. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आयुष्य संपवले. वरिष्ठ उपवनसंरक्षकाकडून छळ होत असल्याचे आणि त्याबाबत आणखी वरच्या अधिकाऱ्याला सांगूनही काही न झाल्याचे त्यांनी पत्रात लिहून ठेवले होते. उपवनसंरक्षकाला अटक झाली. त्यांचे प्रकरण भ्रष्टाचार उघड करण्याचे नव्हते, तरी ते या आढाव्यात येते. कारण खात्यातील तक्रार ज्या शिडीने वर जायची, ती शिडी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच खोलीतून जात होती.

यंत्रणेबाहेरच्या जागल्यांसाठी महाराष्ट्रात सर्वांत मोठे साधन ठरले माहितीचा अधिकार. त्याचा राज्य कायदा अण्णा हजारेंच्या आंदोलनातून केंद्राच्या आधी आला. २००५ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याची किंमतही येथेच मोजली गेली. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींचे व्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने हा तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्याच वर्षी बीड, इचलकरंजी, बदलापूर येथेही माहिती अधिकार कार्यकर्ते मारले गेले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. हे खून सरकारने केले नाहीत. पण अर्ज कोणी केला हे गुत्तेदाराला त्याच संध्याकाळी कळत असेल, तर ती माहिती कार्यालयातूनच बाहेर पडलेली असते, आणि तेवढ्यापुरती जबाबदारी सरकारची आहेच. अर्ज नाकारण्याची गरजही आता कमी झाली आहे. २०१२ च्या राज्य नियमांनी अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. अमरावतीसह सर्व खंडपीठे मिळून राज्य माहिती आयोगाकडील प्रलंबित अपिले व तक्रारी एक लाखाच्या वर गेल्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यापक सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची माहिती अधिकार कायद्याच्या मूळ कलमातील तरतूद काढून टाकली. अधिकाऱ्याची मालमत्ता किंवा लाभार्थ्यांची यादी मागणाऱ्याला याचा थेट अडथळा होतो.

मतभेदाच्या बाबतीत कलमे बदलतात, वापर तोच राहतो. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर मुंबईत राजद्रोह लावण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात २०१५ मध्ये या कलमाच्या वापराला मर्यादा घातल्या. तरी २३ एप्रिल २०२२ रोजी अमरावतीच्या खासदार नवनीत राणा आणि बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांना मुख्यमंत्र्यांच्या खासगी निवासस्थानापुढे हनुमान चालिसा म्हणण्याच्या घोषणेवरून अटक झाली, आणि त्यात राजद्रोहाचे कलम जोडले गेले. जामीन देताना सत्र न्यायालयाने हे कलम लागू होत नसल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदवले. त्या वेळी महाविकास आघाडीचे सरकार होते. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि प्राध्यापिका शोमा सेन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली तेव्हा भाजप-शिवसेनेचे. सेन यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडले. विरोधात असताना ज्या कलमाला काळा कायदा म्हणायचे, ते सत्तेत आल्यावर वापरायचे, यात पक्षभेद आढळत नाही.

पोलीस दलातील बदल्यांविषयी राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांनी ऑगस्ट २०२० मध्ये दिलेला अहवाल हे याचे नेमके उदाहरण. विरोधकांना तो बदल्यांच्या बाजाराचा पुरावा वाटला, सरकारला बेकायदा फोन टॅपिंग. मार्च २०२१ मध्ये अहवाल फुटल्याबद्दल शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा नोंदला गेला. सरकार बदलल्यावर चक्र उलटे फिरले आणि जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. अहवालात ज्या व्यवहारांचा उल्लेख होता, त्यांचा तपास या गदारोळात मागे पडला.

शेतकरी आंदोलनांचा अनुभव याहून साधा आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेले तणनाशकसहनशील कापूस बियाणे जाहीरपणे पेरले. हेतू सविनय कायदेभंगाचा होता, बियाणे कायद्याने निषिद्ध होते, गुन्हे नोंदले गेले. येथे सरकारच्या कारवाईला कायद्याचा आधार आहे हे मान्य करावे लागते. पण तेच बियाणे चोरट्या मार्गाने वऱ्हाडभर विकणाऱ्यांपेक्षा उघड पेरणारा आधी सापडतो, ही विषमताही खरी आहे. संघटनांविरुद्धच्या कायद्यांतही भर पडली : महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले. त्याचा उद्देश शहरी भागातील माओवादी संघटनांना आवर घालण्याचा सांगितला गेला. संयुक्त समितीकडे हजारोंनी हरकती आल्या, कारण संघटना बेकायदा ठरवण्याचा पहिला अधिकार सरकारकडेच आहे आणि सल्लागार मंडळ नंतर येते.

संरक्षणाचे कायदे या सगळ्यापुढे तोकडे आहेत. जागल्यांना आश्रय देण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत नौदलाच्या सेनापतीविरुद्ध तक्रार करणाऱ्या खलाशांवर सूड उगवला गेला तेव्हा तिथल्या काँग्रेसने ३० जुलै १७७८ रोजीच अशी माहिती देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असल्याचा ठराव केला आणि त्या खलाशांच्या खटल्याचा खर्च सोसला. भारतात त्यासाठी एका मृत्यूची वाट पाहावी लागली. सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. पत्र नावासह खात्याखात्यांतून फिरले आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. एप्रिल २००४ मध्ये केंद्राने ठराव काढून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. राज्य शासनाचा अभियंता किंवा तलाठी त्यात येत नाही.

संसदेने २०१४ मध्ये केलेला जागल्या संरक्षण कायदा राज्य कर्मचाऱ्यांनाही लागू झाला असता. त्यात तक्रारदाराला त्रास देण्यास मनाई आहे, ओळख उघड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्रास झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर आहे. उणिवाही आहेत : निनावी तक्रार चालत नाही, सात वर्षांपूर्वीचे प्रकरण घेतले जात नाही, खोडसाळ तक्रारीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मे महिन्यात राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, पण अंमलबजावणीची अधिसूचना निघाली नाही. २०१५ मध्ये लोकसभेने दुरुस्ती विधेयक मंजूर केले. त्यात दहा प्रकारच्या माहितीवर तक्रार करण्यासच बंदी होती. ते राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर व्यपगत झाले. मूळ कायदा कागदावरच राहिला.

महाराष्ट्राकडे स्वतःचा असा कायदा नाही. १९७१ च्या अधिनियमाने लोकायुक्त नेमणारे हे पहिले राज्य. पण लोकायुक्ताची शिफारस सरकारवर बंधनकारक नव्हती आणि तक्रारदाराच्या नोकरीला त्यातून कवच मिळत नव्हते. जे उपाय राज्य स्वतःच्या अधिकारात, केंद्राची वाट न पाहता करू शकते ते मोजकेच आहेत. तक्रार दिल्यापासून ठरावीक काळात तक्रारदाराची बदली, निलंबन वा चौकशी सुरू करायची असेल तर खात्याबाहेरच्या यंत्रणेची पूर्वपरवानगी घेणे. तक्रार ज्या अधिकाऱ्याविरुद्ध आहे त्याच्या साखळीतून ती न पाठवणे. चौकशी समित्यांचे अहवाल ठरावीक मुदतीत विधिमंडळापुढे ठेवणे. तिन्ही गोष्टी नियमांत बदल करून होण्याजोग्या आहेत. निम्न वर्धा, बेंबळा, जिगाव यांच्या सुप्रमा अजूनही निघतात, त्यांच्या टिप्पण्या लिहिणारे कनिष्ठ अभियंते १९७९ च्याच वर्तणूक नियमांखाली काम करतात.